झाकणाच्या आतल्या चार रेघा

गवताच्या गाठीत माझा हात कोपरापर्यंत गेला की ते गवत कुठल्या माळावरचं, कधी कापलेलं आणि वजन वाढवायला त्यावर पाणी कधी मारलेलं, हे मला कळतं. असं पाणी मी स्वतःही मारलेलं आहे, म्हणून कळतं. कळंबकडच्या एका कुळाच्या घरात माझा जन्म. चौथीनंतर डोक्यावरून भारे वाहिले आणि पुढे कर्जत स्टेशनाजवळ स्वतःची गवताची वखार घातली. भाव करताना माझ्यासमोरून माणसं रागावून उठून गेली असतील, पण जिंकून उठलेला माणूस मी फारसा पाहिलेला नाही. असं असूनही एका घड्याळापायी मला चार माणसांत मान खाली घालून खोटं बोलावं लागलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. राग गेलेला नाही. तो नेमका कोणावर काढायचा, हेच ठरत नाही.

लढाईची वर्षं होती. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न खालापूरकडच्या एका घरात ठरलं. मुलगा तिथल्या एका भाताच्या गिरणीत हजेरीचा कारकून होता. बापाची थोडी शेती. देण्याघेण्याची याद करायला आम्ही बसलो तेव्हा माझ्या व्याह्यांनी सगळ्यांत शेवटी घातलं, "सोन्याचं हातघड्याळ एक." मी हो म्हटलं. हो म्हणताना मला वाटलं होतं की मुंबईला जाऊन अर्ध्या दिवसात काम होईल.

दोन दिवस मुंबई पालथी घातली. घड्याळांच्या दुकानांत काचेची कपाटं होती आणि कपाटांत मखमलीच्या रिकाम्या डब्या. दुकानदार म्हणायचा, "बोटीच येत नाहीत, शेठ. माल कुठून आणू?" भाव चढलेला असता तर मी बसून उतरवला असता. पण मालच नाही म्हणणाऱ्या माणसाशी भाव कसा करायचा, ते मला येत नव्हतं. येताना एक रिकामी डबी तेवढी विकत घेतली. कशासाठी, ते तेव्हाच मनात ठरलेलं होतं. ते आज लपवण्यात अर्थ नाही.

कर्जतला नदीच्या अंगाला एका बंगल्यात एक वृद्ध गृहस्थ एकटे राहत. त्यांच्या घोड्याला गवत माझ्याकडून जाई. ते घरदार आवरून लांब मुलाकडे निघाले होते आणि सामान विकत होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मी अनेकदा बघितलं होतं. सोन्याचं, पातळ, पांढऱ्या तबकडीवर सेकंदांची वेगळी छोटी तबकडी. विलायतेतलं नामांकित घड्याळ आहे, एवढं मलाही ठाऊक होतं. मी विषय काढला. त्यांनी घड्याळ उतरवलं, चाकूच्या टोकानं पाठीचं झाकण उघडलं आणि आतली चाकं दाखवली. मला त्यातलं काय कळणार? मी झाकणच बघत बसलो. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं कोरल्यासारख्या चार बारीक रेघा होत्या, शेजारी काही आकडे.

"ह्या कशाच्या रेघा?"

"कारागीर घड्याळ साफ करतो आणि झाकण लावण्याआधी आत आपली खूण कोरतो. दर तीन वर्षांनी एक. चार वेळा साफ झालंय."

"म्हणजे चार वेळा बिघडलं."

"बिघडलं नाही हो. न्हाऊ घातलं."

"बारा वर्षांत चारदा वैद्य घरी आला, तर माणूस आजारीच म्हणायचा."

"तुम्ही घोड्याला खरारा करता की नाही?"

"मी घोड्याला गवत विकतो. घोडा नाही विकत."

ते हसले, आणि हसले तिथेच मला समजलं की भाव पडणार. त्या चार रेघांवर बोट ठेवून ठेवून मी तो इतका पाडला की शेवटी त्यांनी घड्याळ माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलंही नाही. सौदा झाल्यावर वर काहीतरी मागायची माझी सवय. टेबलावर एक छोटी वही पडली होती, ती मागितली. "घ्या," ते म्हणाले, "तिचा उपयोग तुम्हालाच आहे." रोज दुपारी चारला तारेवरून वेळ येते आणि स्टेशनातलं घड्याळ तिच्याशी मिळवतात. हे गृहस्थ रोज त्या वेळी स्टेशनात जाऊन आपल्या घड्याळाचा फरक वहीत लिहीत. चार सेकंद पुढे, तीन सेकंद पुढे, चार, पाच, चार. पानंच्या पानं. मला वाटलं, रिकामटेकडेपणा.

घड्याळ मुंबईच्या डबीत बसवलं आणि लग्नात दिलं. हे नवं आहे असं मी कोणाला म्हटलं नाही. जुनं आहे असंही म्हटलं नाही. जावयांनी ते मांडवात मनगटावर बांधलं तेव्हा व्याह्यांनी त्यांना हात वर करून शेजारच्यांना दाखवायला लावलं.

दिवाळसणाला जावई येतात, मुलगी त्यांच्याबरोबर येते. त्या दिवाळीला मुलगी तिच्या दिरासोबत आली. दीर उंबऱ्यातूनच परत गेला, चहालाही थांबला नाही. मुलीच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. तिनं ती माझ्यासमोर सोडली. आत घड्याळ.

"आबा, सकाळी हे गिरणीच्या भोंग्याच्या मागं असतंय, नि संध्याकाळी भोंग्याच्या पुढं. तिथल्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं उघडलं. आत चार रेघा निघाल्या. त्यानं सगळ्यांसमोर मोजल्या."

"मग?"

"मग मामंजी म्हणाले, जुना माल गळ्यात मारलाय. आबांना म्हणावं, एकदा काय ते नीट करून द्या. नीट झालं की आमी न्यायला येऊ."

"आणि जावई?"

"ते गप होते."

बायको आतून म्हणाली, "आवो, भाव पाडून आनलंत तवाच मी म्हनले नवते? घासाघीस भाजीची करावी."

मी तिच्यावर ओरडलो. मुलीवरही ओरडलो, उगाच. मग घड्याळ घेऊन बाहेर पडलो.

स्टेशनच्या रस्त्याला एका ओटीवर एक घड्याळजी बसत. उमर मुंबईच्या मोठ्या दुकानात गेलेली, डोळ्याला भिंग कायम. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी तक्रार सांगितली, सकाळी मागे पडतं आणि संध्याकाळी पुढे धावतं. त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"परत सांगा."

परत सांगितलं.

"अहो गवतवाले, घड्याळ मागे पडेल किंवा पुढे धावेल. सकाळ झाली की आळस आणि संध्याकाळ झाली की घराची ओढ, ही घड्याळाची लक्षणं नाहीत. माणसाची आहेत."

"चेष्टा नको. माझी मुलगी घरी येऊन बसलीय."

ते गंभीर झाले. आठ दिवस घड्याळ त्यांनी ठेवून घेतलं. एक दिवस उताणं, एक दिवस पालथं, एक दिवस खुंटीला टांगून, एक दिवस स्वतःच्या मनगटावर. रोज चारला स्टेशनात जाऊन मिळवायचे. मी रोज पाचला हजर. नवव्या दिवशी म्हणाले, "उताणं ठेवलं तर सहा सेकंद पुढे, टांगलं तर दोन. हाताला असलं की चार. एवढं सरळ घड्याळ मी पाच वर्षांत हातात धरलेलं नाही. आतलं तेल मात्र वाळत आलंय, साफ करून देतो."

साफ करताना मी समोर बसलो. त्यांनी एकेक चाक सुटं करून बशीत ठेवलं आणि वर काचेचा पेला पालथा घातला, धूळ बसू नये म्हणून. पेट्रोल रेशनवर होतं, त्यांच्याकडे शाईच्या दौतीत चार बोटं होतं. त्यात चाकं धुतली. सुईच्या टोकावर येईल इतकंच तेल, तेही मोजक्या जागी. मी अख्ख्या आयुष्यात कोणाचं काम इतक्या जवळून बघितलं नव्हतं, आणि इतकं जवळून बघूनही तो माणूस मला फसवतोय की नाही हे मला सांगता आलं नसतं. हात घालायला जागाच नव्हती. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी झाकण उचललं आणि सुई घेतली.

"रेघ मारू नका!" मी ओरडलो.

"का?"

"चार रेघांनी माझा संसार मोडायला आणलाय. पाचवी नको."

"मग पुढचा कारागीर काय समजेल? की याला कोणी हात लावला नाही?" त्यांनी शांतपणे पाचवी रेघ ओढली, झाकण दाबलं आणि घड्याळ कानाशी लावलं. "घोडं तपासून झालं, शेठ. घोडं लंगडत नाही. आता रस्ता तपासा."

रस्ता तपासायला मी खालापूरला गेलो. स्टेशनच्या घड्याळाशी काटा मिळवला, वहीही खिशात टाकली आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या त्या मोटारीत बसलो. चढ लागला की मोटार थांबायची आणि आम्ही उतरून ढकलायचो. गिरणी गावापासून जरा दूर, रस्त्याला लागून. संध्याकाळी सहाला तिचा भोंगा व्हायचा. मी फाटकासमोरच्या वडाखाली उभा राहिलो. घड्याळात सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं झाली. सहा वाजून दहा मिनिटांनी भोंगा झाला आणि बाया-माणसं बाहेर पडली.

गावात ओळखीच्या एकाकडे मुक्काम केला आणि सकाळी पुन्हा वडाखाली जाऊन उभा राहिलो. सातचा भोंगा सातला बारा मिनिटं कमी असताना झाला. रस्त्यानं येणारी माणसं धावायला लागली. एक बाई डोक्यावरची भाकरी सावरत धावत होती. माझ्या घड्याळाप्रमाणे ती वेळेच्या आधी आली होती. फाटकात तिला उशिरा आल्याबद्दल बोलणी बसली. अर्धा दिवस कापला म्हणून ती रडत होती. कापणारे माझे जावई.

मला उलगडायला वेळ लागला नाही. मी व्यापारी आहे. गवतावर पाणी मारावं तसं हा गिरणीचा मालक दिवसावर पाणी मारत होता. सकाळी बारा मिनिटं, संध्याकाळी दहा, आणि मधे केव्हातरी काटे परत मागे. त्या दिवसांत सरकारनंच सगळी घड्याळं तासभर पुढे ढकलली होती. खेड्यांत जुना टाइम आणि नवा टाइम असं चालायचं, आणि सूर्य बघून वेळ सांगणाऱ्यालाही तास मिळवावा लागायचा. एवढ्या गोंधळात बारा मिनिटं कोणाच्या ध्यानात येणार? त्या अख्ख्या गिरणीत मालकाखेरीज मनगटावर घड्याळ असलेला माणूस एकच होता, आणि ते मी बांधलं होतं.

दुपारच्या सुट्टीत जावयांना गाठलं. ते मला बघून कावरेबावरे झाले आणि वडाच्या पलीकडे घेऊन गेले.

"मामा, इथं नका उभं राहू. मालक बघतील."

"भोंगा खोटा आहे."

"हळू बोला हो."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून." ते जमिनीकडे बघत होते. "घड्याळ बांधून गेलो, तर कामकरी बाया विचारायला लागल्या, दादा किती वाजले? एक दिवस मालकांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, बरोबर कोन, तुजं घड्याळ का आपला भोंगा? मी काय बोलनार होतो? म्हनलं, घड्याळच बिघडलंय. मग ते म्हनले, दुरुस्त करून घे. दुरुस्तीवाल्याकडं वडील बरोबर आले, नि त्या रेघा निघाल्या."

"मग घालू नका हातात."

"वडील घालायला लावतात. आख्ख्या गावात दाखवलंय त्यांनी. नाय घातलं तर मालक विचारनार, का रं, कुनाला वेळ दाखवतोस का लपवतोस?"

मी म्हटलं, "व्याह्यांना खरं सांगतो."

त्यांनी माझा हात धरला. जावयांनी सासऱ्याचा हात धरणं आमच्याकडे होत नाही. "मामा, वडिलांच्या पोटात काय राहत नाय. दोन दिसांत मालकांच्या कानावर जाईल. माजी नोकरी गेली तर तुमची लेक काय खाईल?"

त्या संध्याकाळी मी व्याह्यांकडे गेलो. पाणी दिलं, बसा म्हणाले नाहीत, तरी मी बसलो. घड्याळ पुढे ठेवलं. "साफ करून आणलंय. बरोबर चालतं."

"कशावरून?" व्याह्यांनी स्वतःच झाकण उघडलं. तोपर्यंत त्यांना ती विद्या आलेली होती. "पाच झाल्या की! मागच्या टायमाला चार हुत्या. पाव्हनं, तुमचं घड्याळ का गुरांच्या बाजारातला बैल? डागावर डाग."

मी कारागिराची खूण वगैरे सांगायला लागलो आणि सांगता सांगता मला स्वतःचाच आवाज त्या बंगल्यातल्या म्हाताऱ्यासारखा ऐकू आला. न्हाऊ घातलं, हा शब्द तोंडाशी आला आणि गिळला. खिशात वही होती. पानन् पान सांगत होतं की हे घड्याळ किती खरं आहे. तेच पानन् पान सांगत होतं की हे दुसऱ्याच्या हातावर बारा वर्षं चाललेलं आहे. वही काढली की घड्याळ सुटणार आणि मी अडकणार. आणि घड्याळ सुटलं की जावई अडकणार. मागच्या दारात ते उभे होते. नजर माझ्या खिशावर.

मग मी माझ्या धंद्यातली चाल केली. म्हटलं, "यादीत सोन्याचं हातघड्याळ एक असं आहे. नवं असं कुठे लिहिलंय?"

"नाय लिव्हलं," व्याही म्हणाले. "तुमच्या लेकीला आमी नांदवू, असं तरी यादीत कुठं लिव्हलंय?"

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या सात पिढ्यांना बोललो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. घड्याळ उचललं आणि निघालो. भोंग्याबद्दल एक अक्षर तोंडातून गेलं नाही, तेवढा मी शुद्धीवर होतो. बाकी कशाबद्दल नव्हतो. मोटार ढकलताना मला वाटत होतं की मी त्यांना चांगलं सुनावलं. घरी पोहोचलो, मुलीनं दारातूनच माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता आत गेली, तेव्हा मला समजलं की सुनावलं कोणाला.

नवं घड्याळ आणावं म्हणून पुन्हा मुंबईला गेलो. दीडपट देतो म्हटलं, दुप्पट देतो म्हटलं. तीच कपाटं, त्याच डब्या. एक दुकानदार म्हणाला, "लढाई थांबवा, शेठ, लगेच देतो."

अण्णांकडे गेलो. रस्त्याचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "असं करता येईल का, की सकाळी बारा मिनिटं पुढे राहील आणि संध्याकाळी दहा मिनिटं मागे?"

त्यांनी भिंग डोळ्यावरच ठेवलं. "असं चालणारं यंत्र अजून कोणी केलेलं नाही. त्याला माणूसच लागतो."

"कसंही करा. बिघडवा."

"कायमचं बंद पाडून देतो. आतलं ते हलणारं चाक काढून पुडीत घालून देतो. वर्षभर सुटा भाग येत नाही म्हणून सांगा. पण बिघडवून चालू ठेवणं मला जमत नाही."

बंद पडलेलं जुनं घड्याळ नेऊन दिलं तर व्याही मुलीला कधीच नेणार नाहीत. मी घड्याळ परत घरी आणलं.

थंडी गेली. मुलगी दुपारी माझा चहा घेऊन वखारीत यायची. एक दिवस बघतो तर चारला ती स्टेशनच्या फाटकाशी उभी, हातात घड्याळ. परत येऊन तिनं गाठीवर बसून वहीत काहीतरी लिहिलं. म्हाताऱ्याच्या शेवटच्या नोंदीच्या खाली तिची नोंद. चार सेकंद पुढे. नंतर रोज. चार, तीन, चार. चावीही तीच द्यायची, सकाळी एकाच वेळी. मला वाटायचं, पोर मन रमवतेय. तिला वाटत होतं की हे कधीतरी कोणीतरी बघेल आणि तिला न्यायला येईल. हे मला फार उशिरा समजलं. विहिरीवर बायका विचारायच्या, "काय गं, दिवाळसन अजून सरला नाय वाटतं?" ती हसून पाणी भरायची.

शिमग्याच्या आधी एके दिवशी तिनं लिहून वही मिटली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आबा, पुरं आता."

"काय पुरं?"

"घड्याळ बरोबर हाय म्हनून मी हितंच बसायचं का? तुमी जाऊन म्हना, चुकलं. घड्याळ चुकलं नि तुमी पन चुकलात. नि मला पोचवा."

"मी काय चुकलो गं? चोर तो..."

"आबा," ती म्हणाली, "डबी मुंबईची हुती. घड्याळ नवतं."

कधी कळलं तिला कोण जाणे. लग्नातच कळलं असेल. मी वही उचलून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. व्याह्यांनी ओसरीवर माणसं बसवली होती. स्वतः, त्यांचे भाऊ, लग्न जमवणारा मध्यस्थ, आणि चौथा गिरणीचा मालक. त्याला का बोलावलं ते मी विचारलं नाही. मुलगी दाराशी उभी. मी टोपी मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "घड्याळ जुनं होतं. मी नव्याच्या डबीत घालून दिलं. माझी चूक झाली."

हे खरं होतं आणि ते बोलताना मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. पण व्याही म्हणाले, "आनि चालत नवतं."

"आणि..." मी म्हटलं. समोर तो मालक बसला होता. त्याच्या कोटाच्या खिशातून साखळी लोंबत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं. एका गाठीत हात घातलेली दोन माणसं एकमेकांना ओळखतात, तसं आम्ही ओळखलं. "आणि चालत नव्हतं. सकाळी मागे पडायचं. आता दुरुस्त करून आणलंय."

"जुन्याचं तसंच असतं," मालक गोडीनं म्हणाला. "पोरा, रोज आपल्या भोंग्याशी मिळवत जा. म्हणजे चुकायचं नाही."

"जी," जावई म्हणाले.

मग चहा आला. मी प्यालो. त्या चहात साखर होती की नव्हती, ते मला सांगता येणार नाही.

पावसाळा संपल्यावर गवत बघायला त्या बाजूला गेलो तेव्हा मुलीकडे राहिलो. व्याही बरे बोलले. सकाळी मी ओसरीवर दात घासत होतो. मुलगी दारात उभी होती. तळहातावर घड्याळ, अंगठा आणि बोट चावीच्या बटणावर. बटण ओढून धरलेलं.

"काय करतेस गं?"

"थांबा आबा, पावणेसातचा पहिला भोंगा होऊ द्या."

भोंगा झाला. तिनं काटा फिरवून बारा मिनिटं पुढे नेला, बटण दाबलं, घड्याळ पदराला पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. ते बांधून माझ्याकडे न बघता निघून गेले.

"रोज?"

"रोज. दुपारी जेवायला आले की मागं घेते. संध्याकाळी परत जितल्या तितं आनते. चुकत नाय मी."

"बटण झिजेल. अण्णा म्हणत होते, एवढं ओढून चालत नाही. नाजूक असतं."

"झिजंल तवा झिजंल."

मी वही बरोबर नेली होती, तिला द्यावी म्हणून. ती उघडून तिनं आपल्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि माझ्या पिशवीत परत घातली. "हितं नको. कुनाच्या हाती लागंल."

गिरणीच्या फाटकाच्या दिशेनं माणसं धावत होती. खऱ्या वेळेनं अजून पावणेसातही वाजले नव्हते, हे मला ठाऊक होतं. मी तोंड धुतलं आणि पिशवी उचलून गवत बघायला निघालो.